हाक ज्याची त्याने मारायची

थावर औषध प्यायचा तेव्हा पहिला घोट जमिनीला द्यायचा.

मी तेव्हा इंदूरच्या एका मिलमधल्या दवाखान्यात परिचारिका होते. खोकल्याचं लाल औषध पेल्यात ओतून मी त्याच्या हातात दिलं, तर या पठ्ठ्याने पेला तिरका केला, चार थेंब माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर सांडले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटला आणि मग उरलेलं प्याला. मी भडकलेच. फटकळपणात माझा हात धरणारं कोणी नव्हतं तेव्हा.

"काय रे ए! फरशीला खोकला झालाय का?"

तो शांतपणे म्हणाला, "बेनजी, पहेले त्यांचं. मग आपलं."

"त्यांचं म्हणजे कोणाचं?"

"बाप, दादा, दादाचा बाप. जे गेले ते. आपण अकेले थोडीच पितो."

याला त्यांच्याकडे धार म्हणतात. खरं तर ती मोहाच्या दारूची टाकायची असते, पूर्वजांची नावं घेऊन. पण थावर चहाची टाकायचा, सरबताची टाकायचा, आणि माझ्या नशिबाने औषधाचीही. पुढे पुढे मी त्याच्यासाठी पेल्यात चार थेंब जास्तच ओतायला लागले आणि पायाशी जुनं फडकं ठेवायला लागले.

नाव थावरिया. त्यांच्या बोलीत थावर म्हणजे शनिवार. शनिवारी जन्मला म्हणून थावरिया. जातीने भिल्ल. झाबुआच्याही पुढे डोंगरात त्याचं गाव, आणि आमच्या मिलमध्ये कापसाच्या गाठी फोडायचं काम. गाठींच्या लोखंडी पट्ट्या तोडताना हात कापायचे, रुईची धूळ छातीत जायची, त्यामुळे दवाखान्यात त्याची फेरी ठरलेली. त्याचं मराठी म्हणजे अर्धी हिंदी, पाव माळवी आणि उरलेलं त्याच्या मराठी मुकादमाकडून उचललेलं, त्यातही शिव्या जास्त. आम्हा इंदूरवाल्यांचं मराठी तरी कुठे सोवळ्यातलं आहे! आमचं छान जमायचं.

मिलमध्ये त्याला सगळे 'मामा' म्हणायचे. आमच्या भागात आदिवासी माणूस दिसला की त्याला मामा म्हणायची रीत आहे, आणि म्हणणाऱ्याला वाटतं आपण केवढं प्रेमाने बोललो. थावर एकदा बोटाला पट्टी बांधून घेता घेता म्हणाला, "सगळ्या मिलचा मी मामा, बेनजी. पण एक पण भांजा घरी जेवायला नाही बोलावत." मी हसले. मग घरी गेल्यावर लक्षात आलं की आपणही कधी बोलावलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते विसरूनही गेले.

तेव्हा तो पीत नव्हता असं नाही. होळीला, लग्नाला गावी गेला की मोहाची प्यायचा आणि परत येऊन मला सांगायचाही. पण ती सगळ्यांत बसून, म्हाताऱ्याच्या हातून धार पडल्यावर. "धार पडल्याबिगर ओठाला लावायची नाय. एकट्याने तर नायच नाय." इंदूरमध्ये आठ-आठ महिने त्याच्या तोंडाला वास नसायचा.

आणि आमच्या घरात? आमच्या घरात कोणी 'पीत' नव्हतंच मुळी. आमचे हे मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क, ते संध्याकाळी 'थोडं घ्यायचे'. आतल्या खोलीत, दार लोटून, शेंगदाण्याची वाटी पुढ्यात घेऊन. मल्हारगंजातली आमची गल्ली म्हणजे भिंतीला भिंत. शेजारी कळू नये म्हणून मी काय काय करायचे! रिकामी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळायची, पिशवीत घालायची, वर मेथीची जुडी ठेवायची आणि तीन गल्ल्या ओलांडून टाकून यायची. तेव्हा मला याची लाज वाटत नव्हती, उलट आपण संसार किती निगुतीने झाकून नेतो असं वाटायचं.

मग मिल बंद पडली. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एका सकाळी फाटकाला कुलूप आणि कुलपाशेजारी नोटीस. लोक कितीतरी दिवस एकमेकांना सांगत राहिले, "खुलेगी भिया, खुलेगी." खुलली नाही. मला मल्हारगंजातच एका खासगी नर्सिंग होममध्ये काम मिळालं. ह्यांना काही मिळालं नाही, त्यांनी शोधलंही नाही. संध्याकाळचं 'थोडं' दुपारीच सुरू झालं. आणि थावर मिलच्या फाटकासमोर देशी दारूच्या दुकानापाशी बसायला लागला.

मी त्याला तिथे पाहिलं तेव्हा भर दुपार होती. बाटली तोंडाला लावून सरळ घशात ओतत होता. जमिनीवर एक थेंब नाही. तो पितोय याचं वाईट वाटलंच, पण याचं जास्त वाटलं.

"थावर, त्यांचं कुठाय रे?" मी विचारलं.

त्याने वर बघितलं नाही. "हे त्यांना कसं देऊ, बेनजी? हे काय देण्यासारखं आहे?"

त्याची बायको झमकू. शहरात तेव्हा जिकडेतिकडे नवी दुकानं, नवे कॉम्प्लेक्स उठत होते. तिथे ती डोक्यावरून घमेली वाहायची. अबोल बाई. एका सकाळी ती नर्सिंग होमच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आदमीला रक्ताची उलटी झाली." डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, लिव्हर गेल्यात जमा आहे, आता सोडली तर वाचेल, नाहीतर वर्षभर, फार तर.

झालं. मी पदर खोचला. दुसऱ्याचं घर सावरायला मी पहिल्यापासून हुशार. थावरला आंघोळ घालायला लावली, धुतलेला सदरा घालायला लावला आणि खजरान्याच्या गणपतीपुढे उभं केलं. हातात नारळ दिला आणि शपथ घ्यायला लावली. त्याने अगदी मनापासून घेतली. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. आठ दिवस टिकला. नवव्या दिवशी मी तणतणत त्याच्या खोलीवर गेले, तर भिंतीला टेकून बसलेला.

"अरे, देवाची तरी लाज धर!"

"देव तुमचा अच्छा आहे, बेनजी," तो म्हणाला. "पण तो माझ्या बापाला ओळखत नाही."

मग सरकारी दवाखान्यात पंधरा दिवस ठेवून झालं. सुटला त्याच दिवशी घरी पोचायच्या आत प्याला. त्या दिवशी माझा तोल गेला. झमकूच्या समोर मी त्याला म्हटलं, "मर मग! मरायचंच आहे ना तुला, तर मर एकदाचा!" झमकू त्याला धरून आत घेऊन गेली. असं कोणाला बोलू नये. मी बोलले आहे.

चार दिवसांनी झमकू परत पायरीवर. तिने मला पहिल्यांदाच त्यांच्याकडचं काही सांगितलं. "आमच्यात हलमा असतो, बेनजी." हलमा म्हणजे काय? तर एखाद्याची विहीर ढासळली, झोपडी जळली, पेरणी तोंडावर आली आणि बैल मेला, आणि त्याला एकट्याला ते निभेना, तर तो गावाला हाक मारतो. मग घरटी एक माणूस येतो. फावडा आपापला, भाकरी आपापली. ज्याच्याकडे कामाला जायचं त्याच्या घरचा घासही घ्यायचा नाही, आधीच तो अडलेला. काम झालं की उठून घरी. उपकार नाही, परतफेड नाही.

"मग दारूवर हलमा होतो?"

"झाला नाही कधी," झमकू म्हणाली. "पण अडलेला तर आहे ना?"

मला तर हुरूपच आला. रजा टाकली, झमकूला घेतलं आणि झाबुआची बस धरली. उतरून पुढे दोन तास चाललो. त्यांच्या तडवीचं, म्हणजे पाटलाचं, नाव वेस्ता. वाळका, सुरकुतलेला म्हातारा, नात्याने थावरचा काका. त्याने मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, पाचपन्नास माणसं गोळा केली. मी उभी राहिले आणि जे भाषण ठोकलं! थावर किती पितो, कुठे पडतो, रक्त कसं ओकतो, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. शेवटी हात जोडून म्हटलं, थावरसाठी मी हलमा बोलावते आहे, तुम्ही या.

कोणी हललं नाही. बायकांनी खाली बघितलं. त्याची म्हातारी आई तिथेच बसली होती हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. ती उठून निघून गेली. वेस्ताने ती दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाला, "बाई, तू अच्छी है. पण हलमा त्याचा, ज्याची गाडी फसली. तो बोलेल, तर आम्ही येऊ. तू बोलली, तर ती शिकायत आहे."

माझ्या कानाखाली कोणी वाजवली असती तर बरं, असं झालं. मी मदत मागायला गेले होते आणि त्याच्या आईसमोर, भावकीसमोर त्याची लक्तरं काढून आले होते. थावरला कळायचं ते कळलंच. तो आमच्या दारात आला, त्या दिवशी न पिता आला. "तुम्ही मला माझ्याच माणसांत नागवं केलं, बेनजी," एवढंच म्हणाला आणि गेला. पुढे चार महिने तो मला दिसला नाही. झमकू सांगायची, आता आधीपेक्षा जास्त पितो. मी ऐकून घ्यायचे. केलेलं माझंच होतं.

फाल्गुनात त्याची आई गेली. पुढचं मी पाहिलेलं नाही, झमकूने सांगितलेलं आहे. तिच्या दिवसांच्या जेवणाला सगळं गाव जमलं. थोरला मुलगा म्हणून धार थावरनेच टाकायची, आईला तिच्या आधी गेलेल्या सगळ्यांच्या हवाली करायचं. तो उठला. पिऊनच आलेला. हातात दारूचं पान, म्हणजे पानाचा द्रोण. आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, दादाचं घेतलं, आणि पुढे काही आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली नावं, औषध पितानासुद्धा जी घ्यायचा ती! पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला. लोक थांबून राहिले, कोणी सुचवलं नाही. मग थावर मटकन खाली बसला आणि म्हणाला, "काका, मुझसे नहीं होता. अकेले से नहीं होता. हलमा."

वेस्ताने पान त्याच्या हातातून घेतलं, उरलेली नावं स्वतः घेतली, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच घरटी एक माणूस थावरच्या बापाच्या शेतावर हजर झाला.

झमकूचा निरोप आला तशी मी डॉक्टरांनी दिलेली औषधं घेऊन तिसऱ्या दिवशी पोचले. असं एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं हे मला ठाऊक होतं. थावर खाटेवर होता, अंगाला घाम, हातापायांना कंप. भिंतीवर सरडे चढतायत म्हणून ओरडत होता. चौघे त्याला धरून होते. बडवा, म्हणजे त्यांचा भगत, उशाशी बसून न थांबता त्यांच्या देवांच्या जुन्या कथा गात होता. मी सुई टोचली, गोळ्या दिल्या, कोणी अडवलं नाही. तुमचं ते तुम्ही करा, आमचं आम्ही करतो, असा सगळा मामला.

आठवड्याने तो उठला आणि त्याला थेट शेतात नेलं. उतारावर दगडाचे बांध घालायचं काम काढलं होतं. माणसं रोज बदलायची, पण थावर एकटा कधी नसायचा. झोपायलाही दोघे शेजारी. कोणी उपदेश केला नाही. दारू हा शब्दही मी तिथे ऐकला नाही. पण दिवस मोहाचे होते. झाडाखाली पहाटे फुलांचा सडा पडायचा, प्रत्येक अंगणात फुलं वाळत होती, सगळीकडे तो गोड, डोक्यात जाणारा वास. आणि एकाही घरात भट्टी लागली नव्हती. फुलं भाजून खात होते, गुरांना घालत होते, पण गाळत कोणी नव्हतं. मी वेस्ताला विचारलं, सगळ्यांनी कशाला सोडली? पितो तर तो.

म्हाताऱ्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की हिला एवढंही कळत नाही. "हलमा आहे ना," तो म्हणाला. "फावडा आपापला, भाकरी आपापली. न पिणं पण आपापलं. एकट्याने उचललं असतं तर त्याने हाक कशाला मारली असती?" मग मलाच विचारलं, "तू काय आणलं, बाई?"

मी काहीच आणलं नव्हतं. औषधं आणली होती, पण ती माझी थोडीच होती. मी तिथल्या तिथे चहा सोडला. हसू नका! दिवसाला नऊ कप पिणारी बाई मी. तीन दिवस डोकं फुटायची वेळ आली, झमकूवर उगाचच खेकसले, कपाळाला फडकं बांधून दगड उचलत राहिले. थावर पलीकडून बघत होता. चार महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला. "होतो त्रास, बेनजी?"

"मर मेल्या," मी म्हटलं, आणि तो हसला.

पहिली पेरणी होईपर्यंत गाव प्यालं नाही. नंतर त्यांचे सण झाले, धारही पडली, लोक प्याले. थावरने धार टाकली आणि पान शेजाऱ्याला दिलं. त्याच्यासाठी तेवढंच ठरलं होतं: पूर्वजांचं त्यांना द्यायचं, आपलं घ्यायचं नाही. पुन्हा तो कधी प्याला नाही.

पण डोंगरातल्या त्या शेतावर बारा महिने पोट भरत नाही. दोघं इंदूरला परत आले. थावरला एका नव्या कॉम्प्लेक्सवर रात्रपाळीची चौकीदारी मिळाली. सकाळी कामावरून परतताना तो आमच्या गल्लीतून जायचा. मी दारात सडा टाकत असायचे. "थावर, बरा आहेस ना?" "बरा आहे, बेनजी." मग तो जरासा रेंगाळायचा. मला वाटायचं, दमलाय, टेकायला बघतोय. पण आत हे असायचे. सकाळीच सुरू झालेले. त्यांचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी घाईने आत वळायचे.

ह्यांचं तोवर सगळं हाताबाहेर गेलं होतं. पाय सुजले, डोळे पिवळे झाले. शेजाऱ्यांना मी सांगायचे, शुगर आहे. पडून कपाळ फुटलं, तर म्हटलं चक्कर आली. थावरच्या गावात काय पाहिलं ते मी घरी कधी सांगितलंसुद्धा नाही. एकदा धीर करून म्हटलं, "अहो, थोडं कमी करता का?" तर म्हणाले, "मी काय तुझा तो मामा आहे का, रस्त्यावर पडायला?" खरंच, रस्त्यावर पडले नाहीत ते कधी. घरातच पडले, आणि एका चैत्रात घरातच गेले.

तेराव्याला थावर आणि झमकू आले. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर महिन्याभरात ती दोघं कायमची गावी गेली. पंगत बसली होती. मी म्हटलं, बसा रे. बसली नाहीत. झमकूच्या हातात फडक्यात बांधलेली मक्याची भाकरी होती. दोघं सरळ मागच्या अंगणात गेली आणि खरकट्या भांड्यांचा ढीग घासायला बसली. आमच्या बायकांनी नको नको म्हटलं, ऐकेनात. मला राग आला. दुःखात राग फार लवकर येतो माणसाला.

"थावर, तेराव्याला आलेला माणूस न जेवता जातो का? माझ्या घरचं अन्न चालत नाही तुला?"

"जेवायला नाय आलो, बेनजी. कामाला आलो." त्याने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "उशीर झाला यायला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. "तुला माहीत होतं?"

"मला वास नाय कळणार?"

"मग आला का नाहीस रे?"

आणि त्याने उत्तर द्यायच्या आत मीच भांडल्यासारखं म्हटलं, "आणि ह्यांनी कशी हाक मारली असती? मरेपर्यंत कबूल केलं नाही त्यांनी. ज्याची गाडी फसली त्यानेच बोलायचं, तुमचाच नियम ना?"

"साहेबांची फसली होती," थावर म्हणाला. "आणि तुमची नव्हती?"

झमकूने नळ बंद केला. थावरने हात पुसले.

"माझा रस्ता तुमच्या गल्लीतून नाय, बेनजी. दूर पडतो. तरी रोज येत होतो. तुम्ही विचारायच्या, थावर, बरा आहेस? मी म्हणायचो, बरा आहे. मग मी थांबायचो. आत्ता बोलतील, आत्ता बोलतील. आणि तुम्ही दार लावून घ्यायच्या."